आज्ञापत्राचा कर्ता आणि त्याची उद्धरणे

करूळ व भुईबावडा या घाटांच्या माथ्यावरील गगनबावडा हे पंत अमात्य बावडेकर घराण्याच्या जहागिरीचे गाव. या घराण्याचे रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर ‘आज्ञापत्र’ हा राजनीतिपर ग्रंथ रूढ आहे. परंतु ग्रंथात आज्ञा करतात ते करवीरचे दुसरे संभाजीराजे, आणि आज्ञा होते ती खुद्द रामचंद्रपंतांना! ज्याला पत्र लिहिले त्यालाच आपण लेखक मानतो, हे चमत्कारिक वाटेल; पण निराधार नाही. १६९८ साली जन्मलेले संभाजीराजे १७१४ मध्ये गादीवर आले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. दुर्ग, आरमार, वतने, टोपीकर यांविषयीचा जाणता सूर शिवकालापासून कारभार पाहिलेल्या अमात्यांचाच असला पाहिजे. तथापि हे अनुमान होय, आणि उद्धृत करताना ते अनुमान म्हणूनच सांगावे.

खरा घोटाळा पुढे होतो. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीपणावाचून तोडू नयेत, हा आज्ञापत्रातील उपदेश अनेक लेखांत शिवाजी महाराजांची आज्ञा म्हणून छापला जातो. एक लेखक दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. मूळ ग्रंथ क्वचितच उघडला जातो. असे दहा हवाले जमले तरी साक्षीदार एकच, आणि तोही १६८० मधील महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी बोलणारा. महाराजांचे धोरण तसे नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. अमात्यांनी त्यांच्या हाताखाली काम केले होते. मात्र तळटीपेत आज्ञापत्राचे नाव यावे, आणि शिवकालीन पत्राचा आधार हवा असल्यास तो स्वतंत्रपणे शोधावा.