"काही नाही करत थो!"

मागच्या महिन्यातली गोष्ट. अमरावतीत आमच्या घराजवळ एक मोठं मैदान आहे. सकाळी सहाला क्रिकेटवाली पोरं, फिरायला येणारे काका लोक आणि आमच्यासारखे कुत्रेवाले, सगळे तिथेच. मी रोजच्यासारखा शेरूचा पट्टा काढला. (लॅब्रॅडॉर, वय वर्षं दोन, अक्कल शून्य.) स्वारी सुसाट सुटली ती थेट एका काकांकडे. मी लांबूनच ओरडलो, "काका, भेवू नका, काही नाही करत थो!" शेरूने खरंच काही केलं नाही. लाडात येऊन पुढचे दोन पाय काकांच्या छातीवर ठेवले, एवढंच. काका मागच्या मागे पडले आणि मनगट मोडलं.

प्लास्टर घालताना काका शांतपणे म्हणाले, "त्याले काय मालूम बाप्पा, माहं हाड किती जुनं हाय! तुले तं दिसत होतं ना?"

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग शनिवार-रविवार कोड बाजूला ठेवून इतिहास वाचत बसलो.

सुरुवात मुंबईपासून. कुत्र्यांवरून तिथे 1832 साली चक्क दंगल झाली होती. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्रीही मारतात अशी लोकांची तक्रार. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. 6 जूनला शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढे 1834 साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. तेव्हा आपला वऱ्हाड निजामाकडे होता. इंग्रजांचा कारभार इथे 1853 मध्ये आला.

या सगळ्यात शिक्षा झाली ती कुत्र्याला. मालकाची जबाबदारी स्पष्ट शब्दांत आली ती भारतीय दंड संहितेत. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा 1837 चा, कायदा झाला 1860 मध्ये, अंमल 1862 पासून. त्यातलं कलम 289 वाचून मी गार पडलो. कुत्र्याने काय केलं, हे ते विचारतच नाही. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेसा बंदोबस्त केला नाही, हाच गुन्हा! आणि हाड मोडणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत'च. म्हणजे "काही नाही करत थो" हा बचावच नाही. प्रश्न "तू काय केलं नाहीस?" असा आहे. आता हेच कलम भारतीय न्याय संहितेत 291 झालंय: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2010 साली मुंबईत एका रॉटवायलरने एकाला चावा घेतला, त्याच्या मालकाला 2023 मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. तेरा वर्षांनी का होईना, झाली.

बरं, काकांच्या पिढीची भीतीही उगाच नाही. डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली कसौलीत बनवलेली रेबीजची लस मेंढीच्या मेंदूपासून तयार व्हायची. पोटात चौदा इंजेक्शनं! 2005 च्या आसपास ती बंद झाली. अकोल्याच्या आमच्या आजीसमोर नुसतं 'कुत्रं' म्हटलं तरी तिचा हात पोटावर जायचा.

कुत्र्याला मोकळं पळायला मिळालंच पाहिजे, हे मला आजही पटतं. अमेरिकेत बर्कलीला 1979 मध्ये खास कुत्र्यांसाठी पार्क झालं, हैदराबादला 2018 मध्ये. अशा ठिकाणी कुंपण असतं, एकापाठोपाठ दोन फाटकं असतात, लहान कुत्र्यांचा भाग वेगळा असतो. तिथे येणारा माणूस कुत्रा अंगावर येणार हे धरूनच येतो. आमच्या मैदानावर आलेल्या काकांनी असं काहीच कबूल केलेलं नव्हतं. ते मी त्यांच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि शेरू त्या दिवशी काकांकडे न जाता रस्त्यावरच्या ट्रककडे धावला असता तर? तेही माझंच.

असो. काकांनी तक्रार केली नाही, दवाखान्याचा खर्चही घेतला नाही. दर रविवारी त्यांच्याकडे चहाला जातो. शेरूसाठी दहा मीटरची दोरी आणलीय. तो पळतो, एक टोक माझ्या हातात असतं. परवा काका प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मैदानावर आले, दोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता खरंच काही नाही करत थो."