ऊन पाणी आणि यजमान : लखनौच्या कसोटीवर ऱ्योकान

1. प्रश्न

जपानमध्ये गरम झऱ्याकाठच्या ऱ्योकानात, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, एखादी रात्र काढून आलेला माणूस घरी परतल्यावर हमखास विचारतो, ‘आपल्याकडे असं का नाही?’ त्यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, आपल्याकडे ज्वालामुखी नाहीत. दोन, आपल्याला स्वच्छतेची शिस्त नाही. यातले पहिले अपुरे आहे आणि दुसरे आळशी. ऱ्योकान नेमके कशाने उभे राहते हे पाहायचे, तर ज्या गावात त्यातला एखादा घटक मुळातच नाही असे गाव कसोटीला घ्यावे. लखनौ त्यासाठी सोयीचे आहे. तिथे गरम झरा नाही. न्हाण्याची आणि पाहुणचाराची परंपरा मात्र भरपूर आहे. कोकणात याच्या बरोबर उलट स्थिती आहे.

2. व्याख्या

जपानने गरम झऱ्याची, म्हणजे ओन्सेनची, व्याख्या 1948च्या कायद्याने बांधून दिली. जमिनीतून येणारे पाणी उगमापाशी 25 अंश सेल्सिअस किंवा अधिक हवे. नाहीतर यादीतल्या 19 घटकांपैकी निदान एक ठरलेल्या प्रमाणात हवा. आता ही व्याख्या आपल्या जमिनीवर लावून पाहू. उथळ भूजलाचे तापमान साधारणपणे त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास किंवा किंचित वर असते. लखनौची ही सरासरी पंचवीस-सव्वीस अंशांच्या घरात आहे, कोकणाची त्याहून थोडी अधिक. म्हणजे जपानी कायद्याच्या काट्यावर लखनौच्या साध्या हातपंपाचे पाणीही ‘गरम झरा’ ठरू शकेल आणि कोकणातली घरामागची विहीर तर सहज ठरेल.

हा निष्कर्ष हास्यास्पद वाटतो, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. ही व्याख्या थंड देशाने स्वतःच्या गरजेपुरती केलेली आहे, ती जशीच्या तशी उचलता येत नाही. दुसरे असे की, निव्वळ उष्णता ही दुर्मिळ वस्तू नाही. जमिनीत दर शंभर मीटरला सुमारे तीन अंश तापमान वाढते. त्याच जोरावर टोकियोसारख्या शहरात हजार मीटरहून खोल बोअर मारून ओन्सेन चालवली जातात. ज्वालामुखीमुळे काम सोपे होते, पण ज्वालामुखी ही अट नव्हे.

3. घटक

ऱ्योकानातल्या मुक्कामाचे चार घटक पडतात : पाणी, न्हाणे, जेवण आणि झोप. दर खोलीमागे नव्हे तर माणशी असतो आणि त्यात बहुधा एक रात्र व दोन जेवणे धरलेली असतात. पाहुणा दारात जोडे काढतो, तातामीच्या, म्हणजे चटयांच्या, खोलीत बसतो, युकाता हा सुती झगा अंगावर घेतो आणि न्हायला जातो.

न्हाण्याचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. हौदाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा, अंग चोळायचे आणि फेसाचा मागमूस राहणार नाही इतके पाणी ओतून घ्यायचे. मगच हौदात उतरायचे. हातातला छोटा पंचा हौदाच्या पाण्याला लागू द्यायचा नाही. मळ काढण्याची जागा वेगळी आणि शेकण्याची वेगळी. हौदातले पाणी सुमारे 40 ते 42 अंश असते आणि एकाच पाण्यात अनेक जण बसतात, ते या विभागणीच्या भरवशावर. तोवर स्वयंपाकघर पाहुण्याच्या वेळेकडे डोळे लावून असते. पाहुणा जेवत असताना किंवा जेवून उठताच खोलीत अंथरूण घातले जाते.

या चारही घटकांना एकच धनी असतो. बऱ्याच ऱ्योकानांत ही सूत्रे घरच्या मालकिणीच्या, ओकामीच्या, हाती असतात. पाणी निवले, भात उशिरा आला किंवा गादी ओलसर निघाली, तरी जाब एकालाच विचारायचा. यामानाशी प्रांतातले निशियामा ओन्सेन केइउनकान इ. स. 705 पासून चालत आल्याचे मानले जाते. झरा त्याहून जुना असणार. तेराशे वर्षे टिकली ती यजमानकी.

4. लखनौ : यजमान आहे, झरा नाही

लखनौ गंगेच्या गाळाच्या मैदानात वसले आहे. कढत पाणी वर आणतील अशा उघड्या खडकातल्या भेगा तिथे नाहीत. जुन्या काळी तिथे ऊब मिळवायची तर लाकूड जाळूनच. अवधचा नवाब मुहम्मद अली शाहने 1838 मध्ये बांधलेल्या छोट्या इमामबाड्याच्या आवारात शाही हमाम आहे आणि त्यासाठी गोमतीचे पाणी आणले जाई. हमामाची जुनी रीत अशी : बाजूला भट्टी, फरशीखाली आणि भिंतीतून फिरणारी ऊब, गार आणि ऊन पाण्याच्या वेगळ्या वाटा, जाड भिंती आणि वरून येणारा मोजका उजेड.

शिवाय लखनौची खरी गरज वर्षातले बरेच महिने उलटी असते. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो. म्हणून पाण्याकाठच्या सुखाची तिथली उत्तम कारागिरी गारव्यासाठी झाली. फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिनच्या फरहत बख्श कोठीची तळघरे गोमतीच्या पातळीला होती आणि नदीच्या पाण्याने गार राहत. 1784च्या दुष्काळात काम सुरू झालेल्या बड्या इमामबाड्याची शाही बावडीही त्याच कुळातली.

म्हणजे यजमान होता, कसब होते आणि दस्तरखानाबद्दल तर बोलायलाच नको. फक्त ऊब रोज विकत घ्यावी लागे. भट्टीला रोज सरपण आणि रोज माणूस लागतो, आणि हा खर्च पाहुण्याकडून वसूल होत नव्हता, दरबारातून होत होता. 1856 मध्ये अवध खालसा झाले आणि तो आश्रय गेला. आज शाही हमाम पाहायला जातात, न्हायला नव्हे.

5. कोकण : झरा आहे, यजमान नाही

कोकणात पाणी फुकट तापते. पावसाचे पाणी कातळातल्या भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. तानसेकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. दक्षिणेला महाडजवळचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातले तुरळ, राजापूरचे उन्हाळे. काही ठिकाणी पाणी साठ अंशांच्या आसपास किंवा वर निघते, म्हणजे गार पाणी मिसळल्याशिवाय अंगावर घेता येत नाही.

पण इथे पाण्याची मालकी देवाकडे गेली. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी आप्पांच्या 1739च्या वसई विजयाशी जोडलेले. गणेशपुरीची कुंडे भीमेश्वराच्या आणि नित्यानंद स्वामींच्या भक्तीशी. त्याने एक मोठे काम झाले : कुंड सर्वांना खुले राहिले आणि त्यावर कुणाचे तिकीट बसले नाही. तोटा असा की न्हाणे देवस्थानात, जेवण खानावळीत आणि झोप लॉजवर, अशी वाटणी झाली. कुंडाची पायरी निसरडी झाली तर लॉजवाल्याचे काही बिघडत नाही आणि लॉजची चादर मळकी निघाली तर देवस्थानाला त्याचे सोयरसुतक नाही.

ही फाटाफूट भारतात अटळ आहे असेही नाही. कुलू जिल्ह्यातल्या मणिकरणच्या गुरुद्वारात गरम झऱ्याचे स्नान, त्याच उकळत्या पाण्यात भांडी ठेवून शिजवलेला लंगरचा भात आणि मुक्काम, सारे एकाच व्यवस्थेखाली चालते. तिथे ना तातामी आहे ना युकाता, आणि दरही नाही. तरी आपल्याकडे ऱ्योकानच्या सर्वांत जवळ जाणारा नमुना तोच, कारण चारही घटकांना धनी एक आहे.

6. आक्षेप

कोणी म्हणेल, हे सारे यजमानावर ढकलणे झाले; जपानी माणूस मुळातच नेटका. ते खरे नाही. 2004 मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने ओन्सेनमध्ये पाणी दुधाळ दिसावे म्हणून त्यात पूड मिसळली जात असल्याचे उघड झाले. त्यानंतर पाणी तापवले आहे का, पातळ केले आहे का, तेच पुन्हा फिरवले आहे का, त्यात काही मिसळले आहे का, हे पाटीवर लिहिणे बंधनकारक झाले. 2023 मध्ये फुकुओका प्रांतातल्या एका नामांकित ऱ्योकानात हौदाचे पाणी आठवड्याला बदलण्याऐवजी वर्षातून दोनदाच बदलत असल्याचे आणि त्यात लेजिओनेला जंतू मर्यादेच्या हजारो पट सापडल्याचे बाहेर आले. स्वभावाने नेटका देश असता तर इतक्या नियमांची गरज पडली नसती. फरक एवढाच की दोष निघाला तेव्हा तो कुणाचा, यावर वाद घालावा लागला नाही.

7. निष्कर्ष

लखनौला यजमान होता. ऊब परवडेनाशी झाली तेव्हा हमाम थंडावला. कोकणाला ऊब फुकट आहे; यजमान नाही म्हणून ती कुंडापुरतीच राहिली. जमिनीखालची उष्णता ही ऱ्योकानातली सर्वांत सहज मिळणारी वस्तू आहे आणि जबाबदारी सर्वांत दुर्मिळ. म्हणून कोकणातल्या एखाद्या कुंडाकाठी निवास उभारण्याचा बेत निघाला, तर लाकडी भिंती आणि कागदी दिवे नंतर पाहावेत. कुंड खुले ठेवूनही पाणी, पायरी, ताट आणि अंथरूण या चारांचा जाब कोण देणार, त्याचे नाव आधी पाटीवर लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर कुंड आहे तसे देवाच्या स्वाधीन राहू देणेच बरे.