कच्च्या कैदेची वर्षं

इसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून परभणीतल्या काही तरुणांना महाराष्ट्र एटीएसने २०१६च्या उन्हाळ्यानंतर अटक केली. तपास पुढे एनआयएकडे गेला. मे २०२२मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात दोघांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. निकाल लागेपर्यंत सहाएक वर्षं कच्च्या कैदेतच सरली होती. तुरुंगात माथी भडकतात अशी ओरड झाली की कोणाला कोणाच्या बराकीत ठेवलं, याचीच चौकशी होते. मला ही मधली वर्षं कशात गेली, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुरुंगात विचार घडतात, हे महाराष्ट्राला नवं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याच सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी एकत्र आले. तिथल्या वाचनातून आणि वादांतून १९३४चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. या मंडळींना इसिसच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं, असं कोणी म्हणेल. ध्येयांपुरतं ते खरंच आहे. पण रिकामा वेळ, घरादाराशी तुटलेला संबंध आणि ठामपणे बोलणारा एखादा माणूस, एवढं दोन्हीकडे सारखंच असतं. धुळ्यात तो माणूस विनोबा होता; प्रत्येक बराकीचं नशीब तेवढं थोर नसतं.

मग अशा बोलणाऱ्याला अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक पहाऱ्यातल्या वेगळ्या कोठडीत टाका, असं सुचवलं जातं. कधी कधी ते करावंही लागतं. पण जून २०१२मध्ये येरवड्याच्या अंडा सेलमध्येच दहशतवादाच्या आरोपातल्या एका कैद्याचा खून झाला. प्रचारकांना याहून आयतं भांडवल कोणतं? औंध संस्थानाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून वेगळी वाट धरली. तिथे भिंतीविना कैदी शेती करत. पैठणचं खुलं कारागृह त्याच वळणाचं. मात्र ही दारं उघडतात ती शिक्षा झालेल्यांना. कच्च्या कैद्यावर ‘सुधारणा’ लादणं म्हणजे निकालाआधीच त्याला दोषी धरणं, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून त्याच्यासाठी दोष गृहीत न धरणारे उपाय हवेत: वकिलाची आणि घरच्यांची भेट, ग्रंथालय, इच्छेने देता येईल अशी परीक्षा, आणि मुख्य म्हणजे वेळेवर चालणारा खटला. देशात दर चार कैद्यांमागे जवळपास तीन कच्चे आहेत. तेव्हा तुरुंगांवरचा खर्चही आधी इथे व्हायला हवा.