देलीच्या मळ्यांवरचा पैसा
(प्रस्तावना)

सुमात्रातल्या मेदान शहरात, केसावान रस्त्यावर चोंग आ फी यांचा वाडा आजही उभा आहे. १९०० च्या सुमारास बांधलेल्या या वाड्यात निरनिराळ्या धाटणीच्या बैठकी आहेत: मलय पाहुण्यांसाठी एक, गोऱ्या साहेबांसाठी दुसरी. देलीच्या मळ्यांच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांनी या बैठकींपासूनच सुरुवात करावी असं मी सुचवतो.

१८६० साली ग्वांगडोंगमधल्या हक्का कुटुंबात जन्मलेले आ फी थोरल्या भावाच्या मागोमाग देलीत, म्हणजे मेदानभोवतालच्या मळ्यांच्या मुलखात आले. पुढे बँक, मळे, चीनमधल्या रेल्वेत भांडवल आणि १९११ मध्ये चिनी समाजाचे ‘मेजर’ हे डच सरकारी पद. कष्टांमुळे हे साधलं असं सांगतात. कष्ट होतेच, पण कष्ट तर मळ्यांवरचे हजारो चिनी मजूरही करत होते.

फरक मक्त्यात होता. १८६३ पासून देलीत सिगारच्या वेष्टनाचा तंबाखू पिकू लागला. मजूर उचल घेऊन करारात अडकत. १८८० च्या कायद्याने करार मोडून मळा सोडणं हा गुन्हा ठरला, पळालेल्याला तुरुंग. हंगामाअखेरीस हिशेब होऊन हाती चार पैसे आले, की मळ्यावर जुगाराचे डाव बसत. पैसे संपले की माणूस पुन्हा करारावर अंगठा उठवी. या जुगाराचा आणि अफूचा मक्ता सरकार व्यापाऱ्यांना देई. चोंग बंधू त्यांतले मोठे मक्तेदार. मजुराची मजुरी अशी फिरून वर जाई. माझ्या मते या अभ्यासाचा गाभा इथे आहे.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी देलीच्या मजुरांवर लिहिलं, तसंच बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या खानदेशी टोळ्यांवरही. मुकादम आणि उचल ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला देली परकी वाटणार नाही.

मेदानच्या मोठ्या मशिदीला आ फींनी सढळ हाताने मदत केली, हेही तितकंच खरं. त्यांची कन्या क्वीनी चांग यांच्या आठवणी वाचाव्यात, आणि लगोलग वकील फान डेन ब्रांट यांची मजुरांच्या हालांवरची १९०२ ची पुस्तिका. डच, मलय आणि चिनी कागद एकत्र वाचल्याशिवाय इथे पुढे जाता येत नाही. तिन्ही भाषा एकाला येणं कठीण. म्हणून पहिल्याच वर्षी सोबती शोधा.