शुक्रवारची रात्र कोणाची? : अमेरिकेतील छोट्या शहरांतील शालेय फुटबॉल सामन्यांच्या वातावरणाचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने महानगरे, उद्योगसमूह आणि राजकीय पक्ष यांच्या अंगाने झाले आहे. ओहायोतील पोलादी गावे, पश्चिम टेक्सासमधील तेलक्षेत्रे किंवा नेब्रास्कातील मक्याच्या शेतांनी वेढलेल्या वस्त्या यांचे सामूहिक जीवन त्या मानाने उपेक्षित राहिले. हे जीवन एकाच ठिकाणी, एकाच वेळी पाहायचे असेल तर शरद ऋतूतील शुक्रवारी रात्री तेथील हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर जावे लागते. येथे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांतून खेळला जाणारा खेळ नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. शंभर यार्डांच्या मैदानावर, शिरस्त्राणे व खांद्यांवर जाड संरक्षक कवचे घालून, लंबगोल चेंडू हाती घेऊन खेळला जाणारा हा अकरा-अकरा जणांचा खेळ आहे. त्यातील शारीरिक टक्कर हा अपघात नसून खेळाचा गाभा आहे.

प्रस्तुत निबंधात या खेळाच्या तंत्राचा विचार केलेला नाही. त्याभोवती जे वातावरण निर्माण झाले ते कसे घडले आणि त्यात कोणाला स्थान मिळाले व कोणाला नाकारले गेले, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

वातावरणाची घडण

सामन्याचा दिवस सकाळीच सुरू होतो. खेळाडू संघाचा अंगरखा घालूनच वर्गात येतात. दुपारी व्यायामशाळेत सर्व विद्यार्थी जमतात. बँड वाजतो, चीअरलीडर मुली घोषणा देतात, प्रशिक्षक चार शब्द बोलतात. या सभेला ‘पेप रॅली’ म्हणतात. मुख्य रस्त्यावरील दुकानांच्या काचांवर संघाच्या रंगात शुभेच्छा रंगवलेल्या असतात. अंधार पडला की सपाट मुलखात मैदानावरील दिव्यांचा झोत कित्येक मैलांवरून दिसतो. प्रवेशद्वारापाशी पालक मंडळी लाह्या, हॉट डॉग आणि गरम कोको विकत असतात. त्यातून येणारा पैसा बँडच्या गणवेशासाठी किंवा प्रवासखर्चासाठी वापरला जातो. मध्यंतरात मैदान बँडच्या ताब्यात जाते. माजी विद्यार्थ्यांच्या पुनर्भेटीच्या, म्हणजे ‘होमकमिंग’च्या सामन्याला टेक्सासमधील मुली शेवंतीच्या फुलांचे, लांब फितींचे आणि छोट्या घंटांचे अवजड गुच्छ छातीवर मिरवतात. खेळ न कळणारी आजीही अशा रात्री आपल्या ठरलेल्या बाकावर येऊन बसते, कारण तिथे सारा गाव असतो.

हे सारे प्राचीन वाटत असले तरी त्याचे वय फार नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील चौदा ते सतरा वयोगटातील साधारण एक दशांश मुलेच हायस्कूलमध्ये होती. १९४० पर्यंत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे गावातील बहुतेक घरांतील मुले एकाच इमारतीत येऊ लागली ती या चार दशकांत. चर्च पंथापंथांत विभागलेले होते आणि व्यवसायांत वर्गभेद होता. सर्वांची म्हणता येईल अशी संस्था एकच उरली, ती म्हणजे शाळा. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने इंडियानातील मन्सी शहराचा अभ्यास १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ या नावाने प्रसिद्ध केला. शाळेचा संघ हा नागरी निष्ठेचा केंद्रबिंदू होत असल्याची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती. तेथील वेड बास्केटबॉलचे होते, पण तर्क तोच होता.

दुसरे कारण विजेचे. दिवसा खेळले जाणारे सामने कामगार, दुकानदार आणि शेतकरी यांना पाहता येत नसत. १९३० च्या दशकात मैदानांवर विद्युतदीप येऊ लागले आणि सामना शाळेच्या दुपारीतून गावाच्या संध्याकाळीत सरकला. पुढे या संध्याकाळीला कायद्याचेही संरक्षण लाभले. व्यावसायिक फुटबॉलचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण वाढू लागल्यावर शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांकडे कोणी फिरकणार नाही, अशी भीती निर्माण झाली. त्यामुळे १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यात एक महत्त्वाचा निर्बंध आला. व्यावसायिक संघांना एकत्रितपणे प्रक्षेपण हक्क विकण्याची जी सवलत या कायद्याने दिली, ती त्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर व शनिवारी, शालेय किंवा महाविद्यालयीन सामन्याच्या ७५ मैलांच्या परिघातील केंद्रांवरून होणाऱ्या प्रक्षेपणाला लागू राहिली नाही. शुक्रवारच्या रात्रीची परंपरा केवळ लोकभावनेने टिकली, असे मानणाऱ्यांनी हे कलम अवश्य पाहावे.

मॅसिलॉन : पोलादी गावाचा अभिमान

ओहायो राज्यातील मॅसिलॉन आणि शेजारचे कँटन यांच्या शालेय संघांतील पहिला सामना १८९४ मध्ये झाला. ही स्पर्धा आजही चालू आहे आणि परंपरेने ती शनिवारी दुपारी रंगते. जुन्या सामन्यांना दिव्यांची गरज नव्हती, याची ती एक खूण म्हणता येईल. मॅसिलॉनच्या वॉशिंग्टन हायस्कूलचाच माजी खेळाडू पॉल ब्राउन १९३२ मध्ये तेथे प्रशिक्षक म्हणून आला. महामंदीचा तो काळ होता, पोलाद कारखान्यांवर अवलंबून असलेल्या गावात बेकारी होती. ब्राउनच्या नऊ हंगामांत संघाने ८० सामने जिंकले, ८ गमावले आणि २ बरोबरीत सुटले. १९३५ ते १९४० अशी सलग सहा वर्षे हा संघ राज्यात सर्वश्रेष्ठ गणला गेला. १९३९ मध्ये संघीय सरकारच्या रोजगार योजनेच्या साहाय्याने तेथे नवे स्टेडियम उभे राहिले. सुमारे तीस हजार वस्तीच्या या गावात सोळा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील अशी व्यवस्था आहे.

गावातील समर्थकांचा संघ, म्हणजे बूस्टर क्लब, रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पाळण्यात एक छोटा फुटबॉल ठेवतो, ही प्रथा सर्वत्र सांगितली जाते. तिचे कौतुक होते तसे तिच्याविषयी अस्वस्थताही व्यक्त होते. जन्मतःच हाती दिलेली ही वस्तू भेट आहे की कर्ज, हा प्रश्न पुढे सतरा वर्षांनी त्या मुलाला विचारला जात नाही.

मॅसिलॉनच्या बाबतीत एका गोष्टीची विशेष नोंद घेणे आवश्यक आहे. तेथील संघात १९३० च्या दशकातही कृष्णवर्णीय खेळाडू होते. होरेस गिलम हा त्यांपैकी प्रसिद्ध. कँटन मॅकिन्ले हायस्कूलकडून मॅरियन मॉटली हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्राउनच्याच संघाविरुद्ध खेळला होता. १९४६ मध्ये क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाची उभारणी करताना ब्राउनने बिल विलिस आणि मॉटली यांना संघात घेतले. जॅकी रॉबिन्सन व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य साखळीत उतरला तो त्यानंतरच्या वर्षी. व्यावसायिक खेळातील वर्णभेद मोडण्याची एक वाट दोन शेजारी गावांच्या शालेय मैदानांवरून गेली, असे म्हणण्यास जागा आहे.

गुरुवारची रात्र

टेक्सासचे चित्र याच्या अगदी उलट होते. तेथील श्वेतवर्णीय शाळांच्या स्पर्धा ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग’ ही संस्था चालवीत असे आणि तिचे सदस्यत्व कृष्णवर्णीय शाळांना खुले नव्हते. या शाळांनी १९२० पासून ‘प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेमार्फत आपली स्वतंत्र व्यवस्था उभी केली. मैदान मात्र बहुधा गावात एकच असे आणि शुक्रवारी ते श्वेतवर्णीयांच्या शाळेसाठी राखलेले असे. त्यामुळे कृष्णवर्णीय शाळांचे सामने बुधवारी किंवा गुरुवारी रात्री होत. मायकेल हर्ड यांनी २०१७ मध्ये या इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथाचे शीर्षकच ‘थर्सडे नाइट लाइट्स’ असे आहे.

या गुरुवारच्या रात्रींचे वातावरण कमी उत्साहाचे नव्हते. बँड होते, मिरवणुका होत्या, जुनी वैरे होती. टेंपल गावच्या डनबार शाळेतून जो ग्रीन आणि लफकिनच्या डनबार शाळेतून केन ह्यूस्टन यांसारखे, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात पोहोचलेले खेळाडू याच मैदानांवर घडले. आठवड्याचा वार हा वरवर पाहता किरकोळ तपशील वाटतो. प्रत्यक्षात कामाच्या दिवशी खेळणे आणि सुटीच्या आदल्या रात्री खेळणे यांतील अंतर हेच त्या समाजव्यवस्थेचे मोजमाप होते.

१९६७ नंतर ही संस्था श्वेतवर्णीय संस्थेत विलीन होत गेली आणि १९७० मध्ये तिचे अस्तित्व संपले. एकत्रीकरण न्याय्यच होते. पण त्याची किंमत प्रामुख्याने एकाच बाजूने मोजली. अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या, त्यांचे मुख्य प्रशिक्षक इतरत्र साहाय्यक झाले, विजयचिन्हे आणि नोंदी विखुरल्या. समता आली, पण गावातील अर्ध्या लोकांची स्मृती त्या ओघात वाहून गेली, ही गोष्ट एकत्रीकरणाच्या गौरवकथेत सहसा येत नाही.

ओडेसा : तेल, गुण आणि अपेक्षा

पश्चिम टेक्सासमधील ओडेसा हे लोकसंख्येने छोटे म्हणता येणार नाही, १९९० च्या सुमारास तेथे नव्वद हजारांच्या आसपास वस्ती होती. तरीही एकाकी माळरानावरील एकाच उद्योगावर जगणारे गाव म्हणून त्याचा स्वभाव छोट्या गावाचाच होता. १९५९ मध्ये सुरू झालेल्या पर्मियन हायस्कूलने १९६५ मध्येच राज्यविजेतेपद मिळवले आणि पुढे १९७२, १९८०, १९८४, १९८९ व १९९१ मध्ये ते पुन्हा जिंकले. तेलाच्या भरभराटीच्या काळात, १९८२ मध्ये, सुमारे एकोणीस हजार प्रेक्षकांचे रॅटलिफ स्टेडियम उभारले गेले. त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशानुसार प्रामुख्याने कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांचे एक्टर हायस्कूल बंद करून तेथील विद्यार्थी अन्य दोन शाळांत वाटण्यात आले. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. स्टेडियम मात्र शुक्रवारी भरतच राहिले.

एच. जी. बिसिंजर या पत्रकाराने १९८८ चा हंगाम तेथे राहून पाहिला आणि १९९० मध्ये ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हा ग्रंथ लिहिला. इंग्रजी विभागाच्या अध्यापन-साहित्यापेक्षा सामन्यांच्या चित्रफिती तातडीने मिळवण्यावर अधिक खर्च होतो, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले. गावातील वर्णद्वेषी भाषा आणि दुखापतीनंतर क्षणात विसरला जाणारा खेळाडू यांचेही वर्णन त्यात होते. गाव संतापले, धमक्या आल्याने लेखकाला तेथील नियोजित भेट रद्द करावी लागली. महाविद्यालयीन अध्यापकांना त्यातील अध्यापन-साहित्याचा तपशील अधिक बोचेल, यात शंका नाही. परंतु प्रश्न नवा नव्हता. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉयमधील दहा शाळांच्या अभ्यासावरून १९६१ मध्येच दाखवले होते की, विद्यार्थ्यांच्या जगात हुशार मुलापेक्षा खेळाडूला मोठी प्रतिष्ठा असते.

शासनाने त्यावर उपाय योजून पाहिला होता. १९८४ मध्ये गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या कारकिर्दीत, उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशींवरून, एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सहा आठवडे खेळता येणार नाही, असा नियम झाला. प्रशिक्षकांनी त्याला कडवा विरोध केला. १९८६ च्या निवडणुकीत व्हाइट पराभूत झाले. तेलाची मंदी हे मोठे कारण होते, पण प्रशिक्षकांचा रोषही त्यात होता. १९८८ च्या उपांत्य सामन्यात पर्मियनला १४–९ असे हरवणारा डॅलसचा कार्टर हायस्कूल संघ पुढे राज्यविजेता ठरला आणि नंतर एका खेळाडूच्या बीजगणितातील गुणांच्या वादातून त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. एका मुलाच्या गुणपत्रिकेसाठी न्यायालयाची पायरी चढली गेली, त्यामागे बीजगणिताविषयीची आस्था नव्हती.

मानववंशशास्त्रज्ञ डग्लस फोली यांनी दक्षिण टेक्सासमधील एका गावाच्या अभ्यासातून दाखवले की, पेप रॅली, होमकमिंग आणि बूस्टर क्लबच्या बैठका या विधींतून गावातील वर्ग, वर्ण आणि लिंग यांची उतरंडच पुन्हा मांडली जाते; मेक्सिकन वंशाचे तरुण मात्र त्याच विधींत आपला विरोधही नोंदवीत होते. हे विश्लेषण मार्मिक आहे. तरी बाकावर बसलेल्या त्या आजीचे तेथे येणे केवळ उतरंडीने समजत नाही, ही त्याची मर्यादाही मान्य करावी लागते.

प्रार्थना आणि ध्वनिक्षेपक

सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हणण्याची रीत दक्षिणेत सर्रास होती. टेक्सासमधील सांता फे येथील काही कुटुंबांनी तिला आव्हान दिले. जून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, शाळेच्या यंत्रणेवरून, विद्यार्थ्याने म्हटलेली असली तरी, अशी प्रार्थना राज्यघटनेशी विसंगत आहे. सामन्याला येणे ऐच्छिक आहे, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. बँडमधील मुलाला, चीअरलीडर मुलीला किंवा खुद्द खेळाडूला घरी बसण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? गावाचे वातावरण ही एक सक्तीही असू शकते, याची ही न्यायालयीन कबुली होती. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टनच्या प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानाच्या मध्यरेषेवर केलेली प्रार्थना मात्र त्याच न्यायालयाने, पुन्हा सहा विरुद्ध तीन मतांनी, ग्राह्य ठरवली.

ओसरणारी गर्दी

मेंदूला होणाऱ्या इजांविषयीची जाणीव २००९ नंतर झपाट्याने वाढली. त्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने डोक्याला मार लागलेल्या अल्पवयीन खेळाडूला वैद्यकीय अनुमतीशिवाय मैदानात उतरवण्यास बंदी घातली आणि काही वर्षांत इतर राज्यांनीही तसेच कायदे केले. अकरा जणांचा फुटबॉल खेळणाऱ्या शालेय खेळाडूंची संख्या २००८–०९ मध्ये अकरा लाखांवर होती. २०१८–१९ पर्यंत ती दहा लाखांच्या आसपास आली. छोट्या गावांपुढे तर मुळात अकरा मुले जमवण्याचाच प्रश्न आहे. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, नेब्रास्कातील चेस्टर येथे स्टीफन एप्लर या शिक्षकाने सहा जणांचा फुटबॉल शोधून काढला तो याच गरजेतून. ८० यार्ड लांबीच्या लहान मैदानावर खेळला जाणारा हा प्रकार पश्चिम टेक्सासमधील विरळ वस्तीच्या मुलखात आजही तग धरून आहे.

सहाही मुले मिळेनाशी झाली की शेजारच्या गावाच्या शाळेशी विलीनीकरण होते. तेव्हा होणाऱ्या सभांत शिक्षकांच्या नेमणुका आणि बसच्या फेऱ्या यांवर जितकी चर्चा होते, तितकीच किंवा त्याहून अधिक ती नव्या संघाच्या नावावर व रंगांवर होते. अनेकदा तोडगा असा निघतो की एक रंग या गावाचा घ्यायचा आणि दुसरा त्या गावाचा. मैदान मात्र एकाच गावात राहते, आणि दुसऱ्या गावात शुक्रवारी रात्री दिवे लागत नाहीत.