नांगराच्या कारखान्यातला चित्रकार

'किर्लोस्कर' मासिक आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत होतं. पण ते सुरू करणारा माणूस आपल्याच सोलापुरात जन्मलेला आणि शिक्षणाने चित्रकार होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि'. जन्म १८९१. चित्रकला शिकायला गडी थेट लाहोरला गेला, पंडित सातवळेकरांकडे. (हेच सातवळेकर पुढे वेदांचे पंडित म्हणून गाजले!) शंकररावांचे काका लक्ष्मणराव हेसुद्धा मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलाच शिकायला गेले होते, पण डोळ्यांना रंग नीट ओळखू येईनात. म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि त्यातून पुढे लोखंडी नांगर आला. १९१० ला औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. जागा देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेही चित्रकार. म्हणजे कारखाना नांगराचा, पण भोवती सगळी कुंचलेवाली माणसं.

शंकरराव कारखान्याच्या जाहिरातीचं काम बघायचे. १९२० ला त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेलं हे मासिक हळूहळू घरोघरी वाचलं जाऊ लागलं. १९२९ ला नावातून 'खबर' गेलं, १९३० ला 'स्त्री' आलं, १९३४ ला 'मनोहर'.

चित्रकाराने मासिक काढणं जगात नवं नव्हतं. अमेरिकेत न्यूयॉर्कला १८५५ मध्ये स्टिलमन नावाच्या चित्रकाराने जॉन ड्युरँडसोबत 'द क्रेयॉन' हे कलेचं नियतकालिक काढलं. ते १८६१ ला बंद पडलं. केवळ कलेवर मासिक चालवणं तिथेही अवघडच. आपल्याकडे पुण्याच्या चित्रशाळेने १९१० पासून 'चित्रमय जगत' चालवलं, ते मोठंच काम. पण माझ्या मते शंकररावांची युक्ती जास्त टिकाऊ होती. त्यांनी चित्र वेगळं काढून पूजेला ठेवलं नाही. ते शेती, उद्योग, बायकांचं शिक्षण यांच्या शेजारी बसवलं. नांगर घेणाऱ्याच्या घरात चित्र आपोआप पोचलं.

मैंदर्गीसारख्या गावात, जिथे घरात कन्नड आणि शाळेत मराठी चालते, तिथे अक्षराआधी चित्रच वाचलं जातं हो.

आता मुद्द्याचं. जुने वाडे पाडताना माळ्यावरचे गठ्ठे किलोवर रद्दीत जातात. त्यात 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' सापडले तर आधी मुखपृष्ठ आणि साल बघा, फोटो काढून कमेंटमध्ये टाका. ठेवायला जागा नसेल तर तेही लिहा, आपण वाचनालयाशी बोलू.