वर्कस्टेशनचे सुटे भाग बसवताना आणि बदलताना

चित्रपटाचे संकलन, पुलांचे व इमारतींचे आराखडे, वैद्यकीय प्रतिमांचे विश्लेषण, हवामानाची गणिते अशा व्यावसायिक कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या शक्तिशाली संगणकाला वर्कस्टेशन म्हणतात. झाकण उघडून पाहिले तर त्यातही घरगुती संगणकाप्रमाणेच मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, डिस्क आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आढळतो. या साम्यामुळेच अनेकदा फसगत होते. एखादा भाग खाचेत नेमका बसला, संगणकही सुरू झाला, म्हणून तो भाग त्या यंत्राशी जुळला असे मानता येत नाही. घरी अशा चुकीपायी फार तर एखादी दुपार वाया जाते. मात्र तीन दिवस चाललेली गणना अखेरच्या तासाला कोसळली किंवा संपूर्ण प्रकल्पाची माहिती नाहीशी झाली, तर होणारे नुकसान त्या सुट्या भागाच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

हा प्रश्न वर्कस्टेशनच्या आरंभीच्या काळात फारसा नव्हता. अमेरिकेत १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्स ही कंपनी स्थापन झाली. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. सन, सिलिकॉन ग्राफिक्स यांसारख्या कंपन्यांची यंत्रे स्वतंत्र घडणीची असत. सनने १९८७ पासून स्पार्क हा स्वतःचा प्रोसेसर वापरला. सुटा भाग हवा असल्यास तो बहुधा कंपनीकडूनच घ्यावा लागे. तो महाग असे, परंतु जुळणीची चिंता कंपनीची असे. १९९० च्या दशकात इंटेलचे प्रोसेसर आणि विंडोज एनटी यांच्यावर आधारलेली वर्कस्टेशन आली आणि खुल्या बाजारातील भाग त्यांत बसू लागले. खर्च कमी झाला, निवड वाढली आणि जुळणीची जबाबदारी वापरणाऱ्याकडे आली.

झाकण उघडण्यापूर्वी

दुरुस्तीच्या कामातील सर्वात महत्त्वाचा भाग पेचकस हाती घेण्यापूर्वीच पार पडतो. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर घेतलेली असावी आणि त्या प्रतीतील दोन-चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहिलेल्या असाव्यात. प्रत घेतली होती, पण ती कधी उघडून पाहिली नव्हती, ही हकीकत संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या चांगलीच परिचयाची आहे.

विंडोजवरील अनेक व्यावसायिक यंत्रांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते. तिच्या किल्लीचे रक्षण मदरबोर्डवरील किंवा प्रोसेसरमधील सुरक्षा-मोड्यूल करते. मदरबोर्ड बदलल्यास, आणि काही वेळा केवळ फर्मवेअर अद्ययावत केल्यासही, संगणक सुरू होताना ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती कोठेही नोंदवलेली नसेल तर डिस्क पूर्णपणे निर्दोष असूनही तिच्यातील माहिती मिळत नाही. म्हणून ही किल्ली आधीच कागदावर किंवा अन्य यंत्रावर नोंदवून ठेवावी आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. काही महागड्या सॉफ्टवेअरचे परवानेही मदरबोर्डच्या किंवा नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधलेले असतात. मदरबोर्ड बदलायचा असेल तर त्यांची चौकशी आधी करावी.

नवा प्रोसेसर बसवायचा असल्यास त्याला ओळखणारे फर्मवेअर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच चढवावे लागते. या कामाच्या मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे यूपीएस अत्यावश्यक आहे. यंत्राच्या नेमक्या मॉडेलची सेवा-पुस्तिका उतरवून घ्यावी आणि केबल काढण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. पुस्तिकेतील आकृती सर्वसाधारण असते, छायाचित्र मात्र त्याच यंत्राचे असते.

न जाणवणारा धोका

संगणक बंद करून वीजजोडणी काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. केवळ बंद केलेल्या, पण सॉकेटला जोडलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवर थोडी वीज सतत असते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. जोडणी काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटर धोकादायक विद्युतभार धरून ठेवू शकतात.

दुसरा धोका शरीरावर साठणाऱ्या स्थिर विद्युतभाराचा. माणसाला असा झटका सुमारे ३००० व्होल्टच्या पुढे जाणवतो, तर काही इलेक्ट्रॉनिक घटक १०० व्होल्टपेक्षा कमी भारानेही बिघडू शकतात. याचा अर्थ भाग खराब करणारा झटका हाताला कळतही नाही. शिवाय भाग तत्काळ बंद पडेलच असे नाही. तो दुबळा होऊन काही महिन्यांनी दगा देतो आणि दोष उत्पादकाला दिला जातो. मुंबई किंवा गोव्याच्या दमट हवेत हा धोका तुलनेने कमी असतो. दिल्ली-नागपूरच्या कोरड्या दिवसांत आणि वातानुकूलित खोल्यांत तो वाढतो. मनगटाला बांधायच्या पट्ट्याचा चिमटा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावावा. या पट्ट्यात सुमारे १० लाख ओहमचा रोध असतो. चुकून वीजवाहक तारेला स्पर्श झालाच तर शरीरातून जाणारा प्रवाह त्यामुळे मर्यादित राहतो. म्हणूनच पट्ट्याऐवजी साधी तार गुंडाळणे हा अविचार होय.

मेमरी: सर्वात सोपा भाग, सर्वाधिक चुका

वर्कस्टेशनची मेमरी चुका दुरुस्त करणारी असते; तिला ईसीसी म्हणतात. तिच्यामागील कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची गणिते शनिवार-रविवारी देखरेखीविना यंत्रावर चालत. यंत्राला चूक आढळली की ते गणित सोडून देई आणि पुढचे हाती घेई. सोमवारी हाती काहीच नसे. यंत्राला चूक कळते, तर ती दुरुस्त का करता येऊ नये, या त्राग्यातून त्यांनी शोधलेली पद्धत १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. डीडीआर४ प्रकारच्या ईसीसी मेमरीत माहितीच्या प्रत्येक ६४ बिटांमागे पडताळणीची ८ बिटे असतात. एका बिटाची चूक ती दुरुस्त करते आणि दोन बिटांची चूक ओळखते.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात. त्यांच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जोर लावल्यास स्लॉट मात्र मोडतो. खरी गफलत एकाच पिढीत होते. डीडीआर४ मधील साधी आणि रजिस्टर्ड पट्टी एकाच स्लॉटमध्ये सहज बसतात, परंतु रजिस्टर्ड मेमरी मागणारे यंत्र साध्या पट्टीवर चालत नाही आणि दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत. डीडीआर५ मध्ये साध्या पट्टीला ५ व्होल्ट, तर रजिस्टर्ड पट्टीला १२ व्होल्ट पुरवले जातात. त्यामुळे तेथे खाचेची जागाच बदलण्यात आली, हे शहाणपणाचेच झाले. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये अंतर्गत चूकदुरुस्ती असते, त्यामुळे वेगळ्या ईसीसीची गरज नाही, असा समज बाजारात आढळतो. तो चुकीचा आहे. ही दुरुस्ती चिपच्या आतच संपते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचे संरक्षण नसते.

पट्ट्यांची संख्याही महत्त्वाची आहे. इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-३४०० मालिकेला मेमरीचे आठ मार्ग आहेत. तेथे १२८ गीगाबाइटची एकच पट्टी बसवल्यास क्षमता पुरेशी दिसते, पण सात मार्ग रिकामे राहून वेग कमाल वेगाच्या आठव्या हिश्श्यावर येतो. त्याऐवजी १६ गीगाबाइटच्या आठ पट्ट्या घेणे योग्य. कोणते स्लॉट आधी भरायचे हा क्रम प्रत्येक मदरबोर्डचा निराळा असतो. तो बहुधा झाकणाच्या आतील बाजूस छापलेला असतो.

प्रोसेसर

प्रोसेसरच्या बाबतीत जोर लावण्याचा प्रसंग आला की काहीतरी चुकले आहे असे समजावे. आधुनिक वर्कस्टेशनमध्ये नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात. झिऑन डब्ल्यू-३४०० च्या सॉकेटमध्ये त्या ४६७७ आहेत आणि त्यांतील एखादी वाकली तरी मेमरीचा एखादा मार्ग दिसेनासा होऊ शकतो. एएमडीच्या थ्रेडरिपरसाठी ठरावीक जोरानंतर घसरणारा पेचकस दिला जातो आणि सॉकेटवर स्क्रूंचे १, २, ३ असे क्रम लिहिलेले असतात. बसवताना तोच क्रम आणि काढताना उलटा. दाब असमान पडू नये यासाठी ही व्यवस्था आहे.

जुना कूलर काढण्यापूर्वी संगणक काही मिनिटे चालवल्यास थर्मल पेस्ट मऊ होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढायची राहून जाते आणि मग प्रोसेसर सदोष असल्याची तक्रार केली जाते. हे नवख्यांच्याच हातून घडते असे नाही.

ग्राफिक्स कार्ड आणि विजेचा हिशेब

ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटची लांबी फसवी असते. सोळा लेनच्या लांबीच्या स्लॉटमध्ये प्रत्यक्षात आठ किंवा चारच लेन जोडलेल्या असू शकतात. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक लेन सेकंदाला सुमारे २ गीगाबाइट माहिती वाहते. म्हणजे तेच कार्ड एका स्लॉटमध्ये ३२ आणि शेजारच्या स्लॉटमध्ये ८ गीगाबाइटवर चालेल, आणि पडद्यावर कोणतीही सूचना दिसेलच असे नाही.

विजेच्या जोडणीत मात्र चूक परवडत नाही. स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५० वॅट. २०२२ मध्ये सोळा पिनांचा, ६०० वॅटपर्यंत क्षमतेचा जोड बाजारात आला. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. सहा पिनांत वाटले तरी प्रत्येकीच्या वाट्याला ८ अँपिअरहून अधिक प्रवाह येतो. त्याच वर्षी हे जोड वितळल्याची प्रकरणे समोर आली आणि जोड पूर्ण आत न बसणे हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. पुढे २०२३ मध्ये सुधारित जोड आला. त्यात संवेदक पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून जोड अर्धवट बसल्यास कार्डाने वीज घेऊ नये. तरीही २०२५ मध्ये नव्या कार्डांबाबत तशाच तक्रारी आल्या. जोड खट्ट आवाज होईपर्यंत दाबावा, फट राहिली नाही ना हे बॅटरीच्या प्रकाशात पाहावे आणि केबलला जोडाच्या तोंडाशीच वळण देऊ नये.

नव्या एसएमपीएसला जुन्याच्या केबल लावणे ही आणखी एक घातक सवय. केबलचे कार्डाकडील टोक प्रमाणित असते, एसएमपीएसकडील टोक मात्र प्रत्येक कंपनीचे आपापले. ते बसते, पण चुकीच्या तारेत १२ व्होल्ट येऊन डिस्कसकट सारे काही जळू शकते.

भारतात २३० व्होल्टवर ६ अँपिअरचे साधे सॉकेट १३८० वॅट भार पेलते. दोन मोठी कार्डे असलेल्या वर्कस्टेशनला १६ अँपिअरचे सॉकेट आणि खरोखर जोडलेले अर्थिंग हवे. जुन्या इमारतींत तिसरे भोक असते, पण त्यामागे तार असतेच असे नाही; वायरमनकडून ती तपासून घ्यावी.

डिस्क बदलताना

एकाहून अधिक डिस्कवर माहिती विभागून ठेवण्याच्या रेड या पद्धतीचे वर्णन १९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी केले. तिच्या पाचव्या प्रकारात एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. संकट येते ते दुरुस्तीच्या वेळी. चारपैकी तिसरी डिस्क बिघडलेली असताना चुकून दुसरी ओढली गेली, तर साठाच कोलमडतो. खण क्रमांक शून्यापासून मोजतात की एकापासून, यावरून ही चूक होऊ शकते. म्हणून क्रमांकावर विसंबू नये. पडद्यावरील अनुक्रमांक डिस्कवरील चिठ्ठीशी ताडून पाहावा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरली तरी २२ तास लागतात आणि तेवढा वेळ साठा एकाही डिस्कचे अपयश सोसू शकत नाही. दुसरी प्रत आधीच घेण्याचे खरे महत्त्व येथे कळते.

पुन्हा सुरू करताना

एका वेळी एकच भाग बदलून संगणक सुरू करावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र अडले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. नवी डीडीआर५ मेमरी बसवल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. यंत्र मेमरीशी जुळवून घेत असते. घाबरून वीज बंद केल्यास तेच काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतर मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा आणि पहिले काही आठवडे यंत्राच्या नोंदवहीत दुरुस्त झालेल्या मेमरी-चुका पाहाव्यात. एखादी चूक क्षम्य असते. एकाच पट्टीवर त्या वारंवार दिसल्या तर ती बदलावी. ईसीसी त्या चुका निमूटपणे सावरत असल्याने काम करणाऱ्याला त्यांचा पत्ता नसतो.

काढलेली जुनी डिस्क नवी प्रत तयार होईपर्यंत जपून ठेवावी. नंतर तिच्यातील माहिती उत्पादकाच्या साधनाने पुसावी. एसएसडीवर नुसती दुसरी माहिती लिहिल्याने जुनी पूर्ण जाईलच असे नाही. भंगारवाल्याकडे हे भाग देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.